हात तेथे ब्रेक

उतार लागला की आपण सायकलवर पाय मारायचे थांबवतो. पॅडले जागच्या जागी राहतात, चाके मात्र पळतच असतात आणि मागच्या चाकातून 'टर्रर्र' असा ओळखीचा आवाज येऊ लागतो. तो आवाज फ्रीव्हीलचा. फ्रीव्हीलच्या पोटात लहान खटके असतात. दुरुस्तीच्या दुकानात त्यांना 'कुत्रे' म्हणतात. पाय पुढे मारला की हे कुत्रे दात्यांत अडकून चाक ओढतात. पाय थांबला की ते दात्यांवरून नुसते घसरत जातात. सायकलस्वाराला मिळणारी सारी विश्रांती या लहानशा योजनेवर अवलंबून असते.

ही योजनाच काढून टाकली तर? मागच्या चाकाला दातेरी चक्र पक्के बसवले, तर चाक आणि पॅडल यांची जन्मगाठ पडते. चाक फिरत आहे तोवर पाय फिरलेच पाहिजेत. पायांनी वेग वाढवता येतो, तसा फिरत्या पॅडलांना विरोध करून तो कमीही करता येतो. हीच ती 'फिक्स्ड गिअर' सायकल. तिला आपण या लेखापुरते 'बांधील चाकाची सायकल' म्हणू. देखणी, हलकी, सुटसुटीत अशी ही सायकल आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही अधूनमधून दृष्टीस पडू लागली आहे. ती घेणाऱ्यापुढे, किंवा जुन्या सांगाड्यातून तयार करून घेणाऱ्यापुढे, दोन प्रश्न उभे राहतात : हँडल कोणते बसवावे, आणि ब्रेक बसवावा का, बसवला तर त्याची लिव्हर कोठे असावी? हे दोन प्रश्न वेगळे नसून मुळात एकच आहेत, असे दाखवण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे.

सळ्यांपासून वायरपर्यंत

आपल्या वडिलांच्या आणि आजोबांच्या काळ्या सायकलीवर हा प्रश्न कधी उद्भवलाच नाही. त्या सायकलीचे ब्रेक लोखंडी सळ्यांचे. हँडलच्या मुठीखाली लांब लिव्हर, तिला जोडलेल्या सळ्या, आणि शेवटी रिमच्या आतल्या बाजूवर वर ओढले जाणारे रबर. सळी वाकवता येत नाही. त्यामुळे हँडलचा आकार आणि ब्रेकची जागा ही दोन्ही कारखान्यातच कायमची ठरून येत. हात जेथे ठेवायचा, तेथेच बोटांखाली ब्रेक. कोणी वेगळा विचार करायचे कारणच नव्हते.

१८९६ मध्ये बाउडेन याने नळीतून सरकणाऱ्या तारेचे ब्रिटिश पेटंट घेतले. आपण जिला ब्रेकची वायर म्हणतो ती हीच. वायर वळते, वळणातूनही ओढ पोहोचवते. साहजिकच लिव्हर हँडलवर कोठेही बसवता येऊ लागली, आणि हँडलही हव्या त्या आकाराचे घेता येऊ लागले. स्वातंत्र्य आले, त्याबरोबर निवडीची जबाबदारीही आली.

मैदान आणि रस्ता

बांधील चाक ही काही नवी चैन नव्हे. स्टार्ली याची 'रोव्हर' सायकल १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये आली, त्या काळच्या सायकली बांधील चाकाच्याच होत्या. उतारावर पॅडले वेगाने फिरू लागली की स्वार पाय उचलून पुढच्या चिमट्यावरील टेकणांवर ठेवी. १९०० च्या सुमारास फ्रीव्हीलचा प्रसार झाला आणि रस्त्यावरून बांधील चाक हळूहळू मागे पडले. ते टिकले ते शर्यतीच्या मैदानावर, म्हणजे व्हेलोड्रोमवर. १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी दिल्लीत असे मैदान बांधले गेले. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने उभ्या राहिलेल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलातही ते आहे. जपानमध्ये १९४८ मध्ये कोकुरा येथे सुरू झालेली 'केइरिन' ही पैजेची शर्यतही याच सायकलींवर होते.

या मैदानावरच्या सायकलीला ब्रेक नसतो, आणि नसावा हेच तेथे शहाणपणाचे आहे. सर्व स्पर्धक एकाच दिशेने, एकमेकांच्या चाकाला जवळजवळ चाक लावून पळत असतात. २५० मीटरच्या मैदानावर वळणांचा कल ४० अंशांहूनही अधिक असतो. अशा वेळी पुढच्याने एकाएकी ब्रेक दाबला तर मागचे सगळे त्याच्यावर कोसळतील. कोणालाच एकाएकी थांबता येत नाही, यातच तेथे सर्वांची सुरक्षितता आहे. आडवा येणारा रस्ता नाही, गाय नाही, रिक्षा नाही, चेंडूमागे धावत आलेले मूल नाही.

ही सायकल मैदानातून पुन्हा रस्त्यावर आणली ती मुख्यतः न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को यांसारख्या अमेरिकन शहरांतील निरोप्यांनी. कार्यालयांची पाकिटे दिवसभर पोहोचवणाऱ्या या मंडळींना कमी सुट्या भागांची, कमी दुरुस्तीची सायकल हवी होती. त्यांच्यापासून ती तरुणांच्या आवडीत शिरली, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात तिची जगभर लाट आली. २०१२ च्या 'प्रीमियम रश' या हॉलिवूडच्या चित्रपटाचा नायक तर ब्रेक नसलेल्या बांधील चाकावरूनच मॅनहॅटनमध्ये भरधाव हिंडतो. सायकल रस्त्यावर आली. पण येताना मैदानाचे हँडल आणि मैदानाची ब्रेकविरहित शोभा हीही बरोबर घेऊन आली. खरी अडचण येथून सुरू होते.

हँडल म्हणजे शरीराची बैठक

हँडल हे केवळ सायकल वळवण्याचे साधन आहे, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः ते शरीराची बैठक ठरवते. हात जेथे जातील तेथे खांदे, आणि खांद्यांमागून कंबर जाते. याचा पुरावा तासाच्या विक्रमाच्या इतिहासात सापडतो. एका तासात मैदानावर जास्तीत जास्त अंतर कापायचे, असा हा विक्रम. आणि तोही बांधील चाकावर. १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एडी मर्क्स याने साध्या खाली वळलेल्या हँडलावर ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. १९९३ मध्ये ग्रॅमी ओब्री याने हात छातीखाली दुमडून घेण्याची विलक्षण बैठक शोधून ५१.५९६ किलोमीटर केले. पुढच्याच वर्षी त्या बैठकीवर बंदी आली. मग हात थेट समोर पसरण्याची बैठक निघाली आणि १९९६ मध्ये ख्रिस बोर्डमन याने तीत ५६.३७५ किलोमीटर गाठले. तीही बाद झाली. २००० मध्ये मर्क्सच्या धर्तीच्या सायकलीवरच विक्रम करावा असा नियम लागू झाल्यावर त्याच बोर्डमनने अंतर कापले ४९.४४१ किलोमीटर. माणूस तोच, आणि फरक जवळजवळ ७ किलोमीटरचा! यात वाढलेल्या वयाचा, चाकांचा, सांगाड्याचा वाटा आहेच. पण हात कोठे ठेवला याचा वाटा फार मोठा आहे.

रस्त्यावरच्या बांधील सायकलीवर साधारणपणे चार प्रकारची हँडले दिसतात.

पहिले मैदानी ड्रॉप हँडल. मेंढ्याच्या शिंगांसारखे हे खाली वळलेले असते, आणि त्याचा बाक मधल्या मानेपासूनच सुरू होतो. हात अगदी खालच्या टोकांना धरावेत यासाठीच ते घडवलेले आहे. वरच्या भागात तळहात टेकायला धड सपाट जागा नसते. गर्दीच्या रस्त्यावर मान वर करून पाहावे लागते. तेव्हा स्वार खालची टोके सोडतो आणि त्याचे हात निसरड्या बाकावर येतात.

दुसरे रस्त्यावरच्या शर्यतीचे ड्रॉप हँडल. दिसायला पहिल्याचेच भावंड. पण याचा वरचा भाग सरळ असतो, पुढे थोडी सपाटी असते आणि मग बाक येतो. त्यामुळे हाताला तीन जागा मिळतात : वर, लिव्हरच्या रबरी आवरणावर आणि खाली. लांबच्या प्रवासात हात आळीपाळीने हलवता येतात, ही याची मोठी सोय.

तिसरे बुलहॉर्न, म्हणजे बैलाच्या शिंगांसारखे पुढे आलेले. जुने ड्रॉप हँडल उलटे करून त्याची टोके कापली की घरच्या घरी ते तयार होते. चढावर उभे राहून पाय मारताना त्याचा उत्तम आधार मिळतो.

चौथे सरळ किंवा किंचित वर उचललेले हँडल. यात हाताला जागा एकच, पण ती निश्चित. पाठ बऱ्यापैकी ताठ राहते, नजर दूरवर जाते. घरगुती सायकलीचे मागे वळलेले हँडल याच कुळातले. मात्र उभे राहून पाय मारताना गुडघा त्याला लागत नाही ना, हे पाहून घ्यावे.

बांधील चाकावर हँडलाचे आणखी एक काम असते, जे साध्या सायकलीवर फारसे जाणवत नाही. पायांनी चाकाला विरोध करायचा तर शरीराला कोठे तरी आधार हवा. तो हँडल ओढून मिळतो. मागचे चाक घसरवून थांबणारे स्वार कंबर पुढे नेऊन, हँडल घट्ट धरून पाय रोखतात. फटीतून निघून जाता यावे म्हणून हँडल कापून अगदी वीतभर करण्याची हौस काहींना असते. परंतु हँडल जितके आखूड, तितकी सायकल सावरण्याची ताकद कमी.

थांबण्याचे गणित

"पाय हाच ब्रेक असताना आणखी ब्रेक कशाला?" हा या सायकलीच्या भक्तांचा आवडता सवाल. त्याला उत्तर तुच्छतेने नव्हे, गणिताने दिले पाहिजे.

वेग कमी होऊ लागला की सायकलचा आणि स्वाराचा भार पुढच्या चाकावर सरकतो. मागचे चाक हलके होते आणि त्याची रस्त्यावरची पकड कमी होते. मग ते चाक ब्रेकने रोखा की पायाने, पकडीपेक्षा जास्त रोध मिळणार नाही. चाक नुसते घसरेल. कोरड्या सपाट रस्त्यावर केवळ मागच्या चाकाने मिळणारा रोध गुरुत्वत्वरणाच्या साधारण पावपट असतो. पुढच्या ब्रेकने, सायकल उलटण्याच्या मर्यादेपर्यंत, तो निम्म्यापर्यंत जातो. म्हणजे थेट दुप्पट.

आता ताशी ३० किलोमीटर वेग घ्या, म्हणजे सेकंदाला सुमारे ८.३ मीटर. पुढच्या ब्रेकने सायकल सुमारे ७ मीटरमध्ये थांबेल; केवळ मागच्या चाकाने सुमारे १४ मीटर लागतील. एस.टी.ची एक अख्खी बस या १४ मीटरांत मावते. शिवाय हा १४ चा आकडाही उत्तम पकड धरून काढलेला आहे. प्रत्यक्षात पाय फिरत असतात. पुढे ४८ आणि मागे १६ दाते असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ६.३ मीटर जाते. ताशी ३० च्या वेगाला मिनिटाला जवळजवळ ८० फेरे होतात. उतारावर वेग ४५ झाला की फेरे १२० च्या घरात. इतक्या वेगाने फिरणाऱ्या पायांनीच त्या फिरण्याला विरोध करणे हे सरावलेल्यालाही कठीण जाते. आणि चेन उतरली किंवा तुटली तर? त्या क्षणी पायांचा ब्रेक पूर्णपणे नाहीसा होतो.

भक्तांच्या बाजूचेही खरे ते सांगायला हवे. पावसात चकचकीत लोखंडी रिमवर रबराची पकड पार सुटते, हे आपल्याकडे प्रत्येक सायकलस्वाराला ठाऊक आहे. पायांच्या रोधाला ओल्या रिमची बाधा नाही. म्हणून पावसाळ्यात बांधील चाकाचा आधार खराच मोलाचा आहे, आणि पुढचा ब्रेक लावायचा तर रिम ॲल्युमिनियमची असणे बरे. दुसरे असे की, पुढचा ब्रेक जास्त दाबला जाऊन मागचे चाक हलके होऊ लागले, की पॅडलांतून पायांना ते लगेच समजते. तेव्हा पुढचा ब्रेक बेताने वापरण्याचे शिक्षण ही सायकल चांगले देते. थोडक्यात, पाय आणि पुढचा ब्रेक हे एकमेकांचे वैरी नसून जोडीदार आहेत.

लिव्हर कोठे बसवावी?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. वरच्या हिशेबात एक गोष्ट धरलेली नाही : ब्रेक दाबला जाण्यापूर्वीचा वेळ. हात एका जागी आणि लिव्हर दुसऱ्या जागी असेल, तर हात हलवण्यात अर्धा सेकंद सहज जातो. ताशी ३० च्या वेगाला अर्धा सेकंद म्हणजे ४ मीटर. उत्तम ब्रेक बसवून मिळवलेल्या ७ मीटरांपैकी निम्म्याहून अधिक मीटर असे नुसत्या गैरसोयीत खर्ची पडतात. म्हणून लिव्हर कोठे शोभते हे न पाहता, धोक्याच्या जागी आपला हात कोठे असतो हे आधी पाहावे.

सरळ हँडलावर प्रश्न सोपा. हाताची जागा एकच, लिव्हरही तेथेच. बोटे सहज पोहोचतील इतपत ती आत किंवा बाहेर सरकवावी.

रस्त्याच्या ड्रॉप हँडलावर लिव्हर पुढच्या बाकावर बसते. वरच्या आवरणावर हात असताना दोन बोटांनी ती दाबता येते. खालून धरल्यास बोटे लिव्हरच्या टोकाजवळ जातात आणि जोर अधिक मिळतो. एकच ब्रेक असेल तर दुसऱ्या बाजूला नुसती हात टेकण्यापुरती खोटी लिव्हर बसवतात. ही काही थट्टा नव्हे; दोन्ही तळहातांना सारखी जागा मिळते. हात बहुधा वरच्या सरळ भागावर राहत असतील, तर तेथे आणखी एक छोटी जोडलिव्हर मिळते. ती वायरच्या नळीला मध्येच छेद देऊन बसते, त्यामुळे दोन्हींपैकी कोणतीही दाबली तरी ब्रेक लागतो.

मैदानी ड्रॉपवर मात्र लिव्हर नीट बसतच नाही. बाकावर लावली तर तिरकी राहते. वर लावली तर खाली धरलेल्या हाताला सापडत नाही. यात लिव्हरचा दोष नाही. ब्रेकच नसलेल्या जागेसाठी जन्मलेले ते हँडल आहे. रोज रस्त्यावर चालवायच्या सायकलीला ते न बसवणे हेच उत्तर.

बुलहॉर्नला टोकात बसणारी उलटी लिव्हर मिळते. ती नळीच्या तोंडात घट्ट बसते आणि तिची दांडी मागे स्वाराकडे येते. शिंगे धरून चालवणाऱ्यास ती उत्तम. परंतु गर्दीत हात मागच्या सरळ भागावर येत असेल, तर लिव्हरही तेथेच हवी.

यापुढे काही व्यवहाराच्या गोष्टी. सरळ हँडलाच्या मुठीची जाडी २२.२ मिलिमीटर असते, ड्रॉपची सहसा २३.८. एकाची लिव्हर दुसऱ्यावर ठोकून बसवू नये. वायर किती ओढली जाते हेही जुळले पाहिजे. रिमला दोन्ही बाजूंनी लांब हातांनी धरणारे 'व्ही' ब्रेक जवळजवळ दुप्पट वायर मागतात. त्यांना साध्या ब्रेकची लिव्हर जोडली, तर ती रबर पुरते टेकण्याआधीच हँडलाला जाऊन भिडते. उलट केले तर ती दगडासारखी कठीण लागते आणि सायकल थांबत नाही. कापलेल्या हँडलाच्या टोकांत बुचे बसवलीच पाहिजेत. उघडी नळी पडताना शरीरात घुसते. आणि शेवटी डावे-उजवे. आपल्याकडे सहसा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, ब्रिटनमध्येही तसेच. अमेरिकेत डाव्या हाताला. परदेशी चित्र पाहून सायकल जुळवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, कारण संकटात हात सवयीचेच ऐकतो.

कायद्याची भाषा

हा वाद इतरत्र न्यायालयापर्यंत गेलेला आहे. ब्रिटनच्या १९८३ च्या नियमांनी समतोल तोडगा काढला : बांधील चाक हा मागचा ब्रेक मानला जाईल, पण पुढच्या चाकाला ब्रेक हवाच. अमेरिकेत पोर्टलँड येथे २००६ मध्ये एका निरोप्या सायकलस्वाराच्या खटल्यात बांधील चाक हाच ब्रेक आहे हा युक्तिवाद न्यायाधीशांनी मान्य केला नाही. आणि लंडनमध्ये फेब्रुवारी २०१६ मध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या बांधील सायकलीची धडक बसून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीचा मृत्यू झाला. सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून स्वार सुटला. पण १८६१ च्या, घोडागाड्यांच्या काळातील कायद्याखाली दोषी ठरून २०१७ मध्ये त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली. त्या स्त्रीला दोन मुले होती. ब्रेक लावल्याने सायकलीची रेषा बिघडते, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये.

रूप आणि जागा

कलाशाखेच्या विद्यार्थ्याला या वादात एक जुना प्रश्न ओळखू येईल. रूप आणि प्रयोजन यांचे नाते काय? ब्रेकविरहित सायकल सुंदर दिसते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मैदानावर तिचे ते रूप प्रयोजनातून आलेले असते. तेथे ब्रेक नसणे ही एकमेकांवरील विश्वासाची खूण आहे. तेच रूप रस्त्यावर आणले की खूण तीच राहते, विश्वास मात्र उरत नाही. कारण रस्ता ओलांडणाऱ्याने असा कोणताही करार केलेला नसतो. तो थांबेल असे गृहीत धरूनच आपण रस्त्यात पाऊल टाकतो, आणि आपण थांबू असे गृहीत धरून तो.

म्हणून ज्याला बांधील चाकाचा आनंद घ्यायचा आहे, त्याने तो अवश्य घ्यावा. पायांना चाक कळते, वेग कळतो, रस्ता कळतो. हा आनंद खोटा नाही. फक्त हँडल निवडताना दुकानात आरशासमोर उभे राहिल्यासारखे निवडू नये. सायकलवर बसावे, रोजच्या रस्त्यावरचा सर्वांत गर्दीचा चौक डोळ्यांपुढे आणावा आणि हात आपोआप जेथे जातील ती जागा खडूने खुणावून ठेवावी. हँडल त्या जागेला साजेसे, आणि पुढच्या ब्रेकची लिव्हर नेमकी त्या खुणेवर. महामंडळाने 'गाव तेथे एस.टी.' म्हटले, सायकलस्वाराने 'हात तेथे ब्रेक' एवढे म्हटले तरी पुरे.